भरल्या डोक्याला फळी

चित्रात चिखल नव्हता, तिथून सगळं बिनसलं.

तसं बघायला गेलं तर राहीबाईचं बिनसायला फार काही लागत नाही. अंजूर गावात तिच्या रागाची ख्याती आहे. चौथं सीट भरल्याशिवाय रिक्षा हलणार नाही असं कुणी म्हटलं की ती खाली उतरून भिवंडीच्या दिशेने सरळ चालू लागते, आणि मग बाकीच्यांनाही बसून राहायची लाज वाटते. वय सत्त्याहत्तर, अंगाने काटकुळी, पण मान एकदम ताठ. गावातल्या पोरांना वाटतं, ही ताठ मान नातवाच्या गोडाऊनांमुळे. पोरांचं काय, त्यांनी जन्मल्यापासून गोडाऊनंच बघितली. देवेशचं पहिलं गोडाऊन उभं राहिलं ते बारा वर्षांपूर्वी, आणि राहीबाईची मान त्याच्या कितीतरी आधीपासून अशीच आहे. ती ताठ कशाने झाली, हे तिला कुणी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगत बसायला तिला वेळ नव्हता.

तर देवेश हा तिचा नातू. शेजारच्या वळ गावात त्याची तीन गोडाऊनं, आणि चौथं नुकतंच बांधून झालेलं, सगळ्यांत मोठं. ते मुंबईच्या एका कंपनीने भाड्याने घेतलं होतं, म्हणून पुढच्या बाजूला काचेचं ऑफिस, गार हवा, चकचकीत फरशी असा सगळा थाट. आत शिरल्या शिरल्या समोर एक मोठी भिंत मोकळी होती. तिच्यावर काहीतरी आपल्या मातीतलं पाहिजे असं देवेशच्या मनात आलं. फोनवर शोधता शोधता त्याला एक जुनं चित्र सापडलं. भिवंडीच्या खाडीवरचं बंदर, पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबाने जलरंगात काढलेलं. देवेश खूश झाला. ते मोठं करून हाताने काढून द्यायला त्याने आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या माधवीबाईंना सांगितलं. माधवीबाई भिवंडीच्या ब्राह्मण आळीत राहतात, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण देवेश अजून त्यांच्यासमोर खिशातले हात बाहेर काढून बोलतो.

बाईंनी महिनाभर खपून चित्र केलं. फ्रेमला देण्याआधी घरच्या मोठ्या माणसांना दाखवावं म्हणून त्या एका सकाळी कागदाची गुंडाळी घेऊन अंजूरला आल्या. ओटीवर चटई अंथरली, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि राहीबाईला बोलावलं.

राहीबाईने चष्मा लावला. खाडी तुडुंब भरलेली. पाण्यावर तीन मचवे, त्यांची शिडं अर्धी सोडलेली, मागे ताडाची झाडं, त्यामागे डोंगर निळसर. उजवीकडे बंदराच्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर एक टोपीवाला साहेब आणि त्याच्यावर छत्री धरून उभा एक माणूस. सगळं कसं स्वच्छ, शांत, आत्ताच आंघोळ केल्यासारखं. बाई कौतुकाची वाट बघत होत्या.

"बाय," राहीबाई म्हणाली, "माल कोनी उतरवला?"

बाईंना प्रश्न कळला नाही. राहीबाई चटईवर बसली आणि बोटाने दाखवू लागली. हा डावीकडचा मचवा बघ, पाणी पार कडेला आलंय, म्हणजे भरलेला आहे. हा उजवीकडचा उंच तरंगतोय, म्हणजे रिकामा. मग याच्यातला माल गेला कुठे? पायऱ्यांवर माणसं दोन. त्यातला एक छत्रीखाली आणि दुसऱ्याच्या हातात छत्री.

माधवीबाई म्हणाल्या की मूळ चित्रातच तेवढी माणसं आहेत, त्यांनी फक्त उतरवून घेतलं.

"मग त्या गोऱ्याला आमच्या बाया दिसल्या न्हाय," राहीबाई म्हणाली. "त्याचं जाऊ दे, तो परका व्हता. तू भिवंडीची ना?"

दुसरी कुणी असती तर राग धरून गुंडाळी आवरून निघून गेली असती. माधवीबाईंना लागलं, पण लागलं ते खरं म्हणून लागलं. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली होडी काढायला शिकवलं होतं, आणि त्या होडीत काय भरलंय हे कधी एका पोराला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या वही आणि पेन्सिल घेऊन परत आल्या. मग पुढचे पंधरा दिवस येतच राहिल्या.

राहीबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन अंजूरला आली. नवरा पंढरी दुसऱ्याच्या मचव्यावर खलाशी. हळद उतरली, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात सासूने तिच्या हातात टोपली दिली आणि बंदरावर नेलं. तेव्हा खाडीतून कौलं यायची, मीठ यायचं, विटा यायच्या, आणि इकडून भात जायचं, गवताच्या गासड्या जायच्या. सासूच्या सासूच्या काळी म्हणे जंगलातलं सागवान जायचं मोठ्या जहाजांसाठी, आणि मुंबईतल्या साहेबांच्या घोड्यांचं गवतही इथूनच. बंदर गोऱ्यांच्या राज्यात असो की नंतर असो, माल चढवायच्या उतरवायच्या त्या याच गावांमधल्या बाया. पुरुष शीड आणि सुकाणू बघत, आणि बाकीचं सगळं बायांच्या डोक्यावर.

आणि हे काम भरतीत होत नाही. हे बाईंना समजावताना राहीबाईचा घसा बसला. मचवा भरतीबरोबर आत येतो, धक्क्याशी लागतो, आणि ओहोटी लागली की पाणी निघून जातं, मचवा चिखलात बसतो. तो बसला की मगच त्याच्यात चढता येतं, उतरता येतं. पुढची भरती यायच्या आत रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, तो त्याच पाण्यावर निघाला पाहिजे. म्हणजे बंदराचं सगळं काम चालायचं तेव्हा खाडीत पाणी नसायचंच. गुडघाभर चिखल असायचा, काळा, आंबूस वासाचा, आत कालवांचे धारदार शिंपले. साहेब भरतीला आला, गार वाऱ्यात चित्र काढलं आणि जेवायला निघून गेला. ओहोटीला तो थांबला असता तर नाकाला रुमाल लावावा लागला असता.

चिखलावर मचव्यापासून धक्क्यापर्यंत एक फळी टाकलेली असे. एकच, हातभर रुंद. तिच्यावरून जाणाऱ्याही बाया आणि येणाऱ्याही. तेव्हा रीत अशी होती की भरल्या डोक्याला फळी. जिच्या डोक्यावर ओझं आहे ती फळीवरून चालणार, आणि समोरून रिकामी टोपली घेऊन येणारी असेल ती खाली चिखलात उतरून वाट देणार. ही रीत मुकादमाने घातली नव्हती की कुणा शेटने. बायांनीच घातली आणि बायांनीच पाळली. घरात सासूपुढे मान वर न करणारी सून फळीवर भरल्या डोक्याने आली की सासूलाही चिखलात उतरावं लागायचं. राहीबाईची सासू पहिल्यांदा तिच्यासाठी उतरली त्या दिवशी राहीबाई घाबरून फळीवरच थांबली, तर सासू खालून ओरडली, चल की, मागच्या अडल्यात.

एवढं ऐकल्यावर बाईंनी कमळाबद्दल विचारलं, कारण राहीबाईच्या बोलण्यात ते नाव चार वाक्यांआड येत होतं.

कमळा राहीबाईच्या बरोबरीची, मागच्याच आळीतली. दोघी एकाच वर्षी सुना होऊन आल्या, एकाच रांगेत चालल्या. कमळा उंच, सरळसोट, तिच्या डोक्यावरची टोपली कधी डुलायची नाही. एका ओहोटीला ती मंगलोरी कौलांनी भरलेली टोपली घेऊन मचव्यावरून निघाली. राहीबाई रिकामी टोपली घेऊन समोरून येत होती, तिने खाली उतरून वाट दिली. तिच्या मागून मचव्याचा मालक, शेट, फळीवर चढला. धोतर पांढरं, पायात पंपशू, हातात काही नाही. त्याने उतरायला हवं होतं. तो उतरला नाही. तो चालत राहिला आणि त्याने नुसता हात हलवला, कुत्र्याला हलवतात तसा. कमळा ओझ्यासकट खाली उतरली. चिखलात पाय रुतला, अंग फिरलं, टोपली कमरेवर आली. राहीबाई तिच्यापासून दोन हातांवर चिखलातच उभी होती. तिला हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला.

शेट पहिलं वाक्य बोलला ते फुटलेल्या कौलांबद्दल होतं.

राहीबाईने हातातली टोपली उलटी करून धक्क्यावर ठेवली. तिचं बघून मागच्या बाईने ठेवली, मग सगळ्यांनी. भरती आली आणि मचवा अर्धा भरलेला तसाच उभा राहिला, पुढच्या पाण्यापर्यंत. झाला तो एवढाच निषेध. पुढच्या ओहोटीला त्या परत कामावर गेल्या, कारण घरी चूल होती. कमळा मात्र पुन्हा सरळ उभी राहिली नाही. हाड सांधलं ते वाकडं सांधलं. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, आता पन्नास वर्षं ती काठी टेकत, एका बाजूला कलून, एका खोलीत दिवस काढते आहे. पुढे रस्ता झाला, ट्रक आले, बंदर बंद पडलं, खाडीतली रेती उपसली, शेतांवर गोडाऊनं आली. कमळाच्या वाटच्या जागेवर काही आलं नाही, कारण तिला जागाच नव्हती.

बाईंनी विचारलं, कमळाबाईंचा तेव्हाचा एखादा फोटो असेल का, चेहरा काढायला बरं पडेल. राहीबाई म्हणाली, फोटो कुठला. कमळाचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा. कमळाने स्वतःला सरळ उभं असलेलं कधी बघितलंच नव्हतं. ते राहीबाईच्या मनात कधी आलं नव्हतं, पण आता आलं आणि मग जाईना. त्या संध्याकाळी राहीबाई मागच्या आळीत गेली आणि कमळाला सांगून आली की तू चित्रात येणार आहेस, सरळ कमरेची, डोक्यावर ओझं घेतलेली, देवेशच्या ऑफिसात भिंतीवर. कमळा म्हणाली, थट्टा करतेस म्हातारपणी. पण नंतर तिने दोनदा विचारलं की लुगडं कोणतं दाखवणार.

माधवीबाईंनी नवा कागद घेतला. बंदर तेच, डोंगर तेच, छत्रीवाला साहेब तोच, पण पाणी ओसरलेलं. त्यांनी पेन्सिलीने बाया काढल्या, ओझी घेतलेल्या चिखलात आणि रिकाम्या टोपलीवाल्या फळीवर. भरलेल्या बाया पुढे आल्या की चित्र उठून दिसतं, असं त्यांचं म्हणणं. रंगही भरून झाला. राहीबाईने बघितलं आणि कपाळावर हात मारला. उलटं केलंस, म्हणाली. जलरंगात चूक पुसता येत नाही, पांढरं म्हणजे तिथे कोरा कागदच ठेवावा लागतो, हे बाईंनी तिला आधीच सांगितलं होतं. त्या तिसरा कागद घेऊन बसल्या. या वेळी कमळा फळीच्या मधोमध, कौलांची टोपली डोक्यावर, मान आणि पाठ एका रेषेत, मागे आणखी तीन भरलेल्या बाया. आणि खाली फळीच्या कडेला, गुडघ्याएवढ्या चिखलात, काखेत रिकामी टोपली धरून वर बघणारी राहीबाई. चेहरे अंगठ्याच्या नखाएवढेच, चार फटकाऱ्यांचे, पण राहीबाईने ते ओळखले.

चित्र देवेशकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा बाईंना फोन आला. आवाज आदराचा होता. तो म्हणाला, चित्र सुंदरच आहे, पण बाई, चिखल कोण लावतं भिंतीवर? शिवाय चित्र इंग्रजांच्या काळातलं, त्यात आमची आजी कशी येईल? बाई म्हणाल्या, तुझी आजी नाही तर तिच्या सासूची सासू असेल, काम तेच होतं. देवेशने विचारलं, एवढा खालचा भाग बदलता येईल का, पाणी करता येईल का. बाई म्हणाल्या, जलरंग आहे, पुसता येत नाही. तो म्हणाला, ठीक आहे बाई, राहू द्या, मी बघतो. बाईंना वाटलं पोरगं समजूतदार आहे.

ऑफिसच्या पूजेला राहीबाईने हिरवं नऊवारी काढलं. कमळाला तिने स्वतः रिक्षात बसवून आणलं. वळच्या रस्त्याला कंटेनरांची रांग लागलेली, पाऊण तास गेला, कमळाची कंबर अवघडली, पण ती हूं का चूं करेना. आत शिरल्या तेव्हा सत्यनारायणाची कथा संपत आली होती. देवेशचा बाप हितेश पूजेला बसला होता. तो मुलापुढे फारसं बोलत नाही. कंपनीची माणसं बूट बाहेर काढून मोज्यांवर उभी होती. समोरच्या भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये चित्र लागलं होतं, वर दिवा सोडलेला.

आरती झाली तसा देवेश पाहुण्यांना घेऊन चित्रासमोर आला. "ये हमारा पुराना बंदर है," तो म्हणाला. "हमारे परदादा के जहाज़ यहीं लगते थे."

राहीबाईने ते ऐकलं. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, हिंदी आहे, असेल काहीतरी दुसरं. ती कमळाला धरून पुढे आली. कमळाने काठी भिंतीला टेकवली आणि नाक काचेला लागेल इतकी जवळ गेली. डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे. पाहुणे बाजूला सरकले. एकजण हसला, म्हातारीला चित्र आवडलंय असं त्याला वाटलं. कमळाने पदराने काच पुसली आणि पुन्हा बघितलं.

"राहे," ती हळूच म्हणाली, "मी कुठं हाय गं?"

राहीबाईने बघितलं. शिडं होती, डोंगर होते, साहेब छत्रीखाली होता, मचव्यांच्या वरच्या कडा होत्या. आणि जिथे पायऱ्या संपून फळी सुरू व्हायला हवी तिथे सायीच्या रंगाचा पुठ्ठा सुरू होत होता. चित्राभोवती फ्रेमवाले लावतात तो माउंट. तिन्ही बाजूंना तो चार बोटं होता आणि खालच्या बाजूला चांगला वीतभर. चिखल त्याच्याखाली, फळी त्याच्याखाली, बाया त्याच्याखाली. चित्राला कुणी कात्रीही लावली नव्हती की रंगही लावला नव्हता. नुसतं झाकलं होतं, आणि इतक्या सफाईने की ज्याला माहीत नाही त्याला वाटावं चित्र एवढंच आहे. राहीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नास वर्षांपूर्वी कमळाला ज्या माणसाने नुसता हात हलवून खाली उतरवलं, त्याचा तिला इतका राग आला नव्हता, कारण तो परका होता.

फ्रेमवाला विपुल, तीनबत्तीजवळ त्याचं दुकान, चित्र टांगायला सकाळीच आला होता आणि प्रसादासाठी थांबला होता. राहीबाईने त्याला बोटाने बोलावलं आणि चित्र उतरवायला सांगितलं. विपुलने देवेशकडे बघितलं. देवेश पुढे आला, आजीचा दंड हलकेच धरला आणि तिला बाजूच्या काचेच्या केबिनमध्ये नेलं. कमळा चित्रासमोर तशीच उभी राहिली.

केबिनमध्ये देवेश समजुतीच्या सुरात बोलला. आजी, ही मोठी माणसं आहेत. उद्या चारचौघांत बोलतील की देवेशची आजी हमाली करत होती. मी तुझ्याच मानासाठी केलं. चित्र तर पूर्ण आहे ना आत, मी कुठे फाडलं? ओरडली असती तर बरं, असं देवेशला वाटलं असेल. राहीबाई ओरडली नाही.

"तुझा पनजोबा जहाजांचा मालक न्हवता," ती म्हणाली. "त्याच्या नावावर होडीपन न्हवती, आन् तुझा आजा खलाशी व्हता. मचव्याचा मालक तो, ज्याने कमळीला चिखलात पाडली. तुला त्याच्या घरात जन्म घ्यायचा हाय, तर घे. माझी लाज वाटते, तर वाटू दे, मी तुझ्या घरचीच हाय. पन त्या म्हातारीने तुझं काय घेतलंय? तिला एकदा उभी बगायची व्हती सोताला. तेवढं पन तू झाकलंस."

देवेश म्हणाला, आजी, नंतर बघू, पाहुणे जाऊ देत. राहीबाई केबिनचं दार ढकलून बाहेर आली. प्रसादाच्या टेबलावरची केळीची फणी तिने स्वतः बाजूला केली आणि विपुलला म्हणाली, इथं ठेव, आणि उघड. विपुलने पुन्हा देवेशकडे बघितलं नाही. त्याने फ्रेम उतरवली, पालथी घातली, मागची पट्टी ब्लेडने कापली, खिळे उचकटले, काच काढली. माउंट उचलला तसा खालून चिखल वर आला, काळा, करडा, कुठे कुठे ओला चकाकणारा. मग फळी. मग बाया.

कंपनीच्या एका साहेबाने फोन काढून फोटो घेतला. कमळा टेबलावर वाकली, म्हणजे होती त्याहून थोडी जास्त वाकली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने एक हात मागे नेऊन आपल्या कमरेवर ठेवला.

"एवढी सरळ व्हती मी?" तिने विचारलं.

"एवढी," राहीबाई म्हणाली.

त्यानंतर ती तिथे थांबली नाही. प्रसादावर राग काढायची तिची रीत नव्हती, दोघींच्या वाटचा शिरा तिने पदरात बांधून घेतला. चित्र विपुलला मांडीवर आडवं धरायला लावून तिघं रिक्षात बसली. हितेश फाटकापर्यंत मागे आला आणि त्याने रिक्षाचा पडदा नीट केला. कमळाच्या खोलीत खाटेसमोरच्या भिंतीवर विपुलने दोन खिळे मारले आणि चित्र लावलं. दुसऱ्या दिवशी माधवीबाई धावत आल्या, दमट हवेने कागद खराब होईल म्हणून. त्यांनी काच बसवून घेतली, या वेळी पुठ्ठ्याशिवाय. झालेलं सगळं ऐकून त्या इतक्या संतापल्या की देवेशचा कान पुन्हा धरायची भाषा करू लागल्या.

आठवड्याने देवेश आला. गाडी आळीत शिरत नाही, ती बाहेर ठेवून चालत आला. राहीबाई कमळाच्या खाटेवर बसून तिच्या कमरेला तेल चोळत होती. तिला क्षणभर वाटलं, पोराला उपरती झाली. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. तिने त्याला बसायला सांगितलं.

देवेश उभाच राहिला. म्हणाला, आजी, चित्र घेऊन जायला आलोय. सगळं लावणार, चिखलासकट, बायांसकट. कंपनीच्या साहेबांनी जो फोटो काढला तो मुंबईला दाखवला, तिकडे सगळ्यांना फार आवडला. ते म्हणतात हेच लावा, यात आपल्या कामाचा इतिहास आहे. त्यांना खाली तुझं नावही घालायचंय, उद्घाटनाला तुला बोलावायचंय. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. आजीला जे हवं होतं ते आपण मिळवून दिलं, असंच त्याला वाटत होतं, आणि आधी पुठ्ठा लावला होता ते तो पार विसरून गेला होता.

तेलाची वाटी राहीबाईने खाली ठेवली. साहेबांना आवडली म्हणून आजी चालेल, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तिने हात पदराला पुसले.

"ने," ती म्हणाली. "पन मी यातली कुठची, तेवढं दाखव."

देवेश हसला. हे तर सोपं होतं. तो भिंतीपाशी गेला आणि फळीच्या मधोमध ताठ मानेने चाललेल्या बाईवर त्याने बोट ठेवलं.

"ती मी," कमळा खाटेवरून म्हणाली.

देवेशने बोट मागच्या बाईवर नेलं आणि आजीकडे बघितलं. राहीबाईने तेलाची वाटी पुन्हा हातात घेतली. त्याने तिच्या मागचीवर नेलं, मग शेवटचीवर. चारही बायांच्या डोक्यांवर ओझी होती. मग त्याचं बोट मचव्यात शिरलं, शिडावर गेलं, तिथून पायऱ्यांवर साहेबाच्या छत्रीपर्यंत जाऊन आलं, आणि पुन्हा फळीवर येऊन एकेका बाईवर थांबत राहिलं. खाली चिखलाकडे ते एकदाही गेलं नाही.